खिडकीतली खोटी खाच

माझं माहेर धनजचं. वडिलांची मोटेची विहीर होती आणि तिच्या तोंडाशी एक सागवानी लाकूड आडवं टाकलेलं होतं. मोटेची बारीक दोरी त्याच्यावरून घासत जायची, यायची. माझ्या आजोबांपासून घासत होती म्हणतात. घासून घासून त्या लाकडाला एक खाच पडली होती, बोट बरोबर बसेल एवढी. आतून अशी गुळगुळीत, जशी काशाची वाटी. लहानपणी बैल मागं सरले आणि दोरी ढिली पडली की मी त्या खाचेत बोट घालून बसायची. वडील ओरडायचे, "बोट जाईन ना वं तुयं." पण उठवायचे नाहीत.

माझं लग्न कामरगावला झालं. सासरी भाजीपाल्याचा मळा, माणसं कामाची, खाऊनपिऊन सुखी. फक्त स्वयंपाकघराला खिडकी नव्हती. दिवसाही चुलीच्या उजेडातच भाकर थापायची. धुरानं डोळे नुसते गळत. वडील एकदा आले, दारातूनच आत वाकून पाहिलं, आणि धुरानं डोळे चोळत परत गेले. पुढं त्यांची विहीर एका बाजूनं खचली तेव्हा ते लाकूड त्यांनी काढलं आणि स्वतः बैलबंडीत टाकून आमच्या अंगणात आणून उतरवलं. मला म्हणाले, "याची खिडकी कर. उजेड येईन तुया चुलीवर."

सासूबाई म्हणाल्या, "लोकाईचे बाप सोनं देतात, हिच्या बापानं लाकूड देलं."

त्याच वर्षी वडील गेले. लाकूड गोठ्यात पडून राहिलं. मी येताजाता त्याच्यावर हात ठेवायची, एवढंच.

नंतर लढाईचे दिवस आले, सागवान कुठं बघायला मिळेना. आमच्या पुढच्यामागच्या दोन्ही दारांना वाळवी लागली होती, तेव्हा ह्यांनी दारं बदलायची ठरवली. मी म्हटलं, दारांसोबत माझी खिडकीही होऊ द्या. हे हो म्हणाले. मिस्त्री कोणता बोलवायचा, तर तोही मीच सुचवला. धनजचा. माहेरच्या गावचा माणूस म्हणजे भाऊ, आमच्यात असंच असतं. आडनाव कोणतंही असो, जात कोणतीही असो. तो मला 'बाई' म्हणायचा, मी त्याला 'भाऊ' म्हणायची. दारांचं काम चाललं तेवढे दिवस मी त्याला गरम भाकर वाढली आणि वाढताना माहेरच्या बातम्या विचारत बसली.

त्याला मी एकच सांगितलं. "भाऊ, खिडकीचं खालचं लाकूड असं घ्या का ती खाच वर दिसली पायजे. मायं बोट जाते तिथं."

"तुया बापाची खाच मी ओळखत नाई काय, बाई? त्या इहिरीवर मीबी पाणी पेलो."

लाकूड जाड होतं, चिरायला दोन माणसं आणि मोठी करवत लागणार होती, म्हणून ते बंडीत घालून नेलं. चार दिवसांनी फळ्या आल्या, तेल पाजलेल्या, गडद रंगाच्या. मला काय कळणार? मी खूश होती.

खिडकीची चौकट बसवायच्या दिवशी मी पुरण घातलं. चौकटीला हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा, मिस्त्रीला दुपट्टा-टोपी द्यायची, ही रीत. खालच्या लाकडावर खाच होती. बरोबर मधोमध. मी कुंकवाचं बोट त्या खाचेतून ओढलं आणि बोटात लाकडाची बारीक फास रुतली.

मी बोट पाहिलं, खाच पाहिली. मग पुन्हा हळूच चाचपली. खाच खरबरीत होती, आत पटाशीचे घाव लागत होते.

"भाऊ, हे खाच कोणाची हाय?"

"कोणाची म्हंजे? तुया बापाची."

"माया बापाची खाच टोचत नव्हती."

तो माझ्याकडे बघेना. त्यानं ह्यांच्याकडे पाहिलं. हे ओट्यावर तंबाखू मळत होते. मळता मळता म्हणाले, "नारळ फुटला ना? मग पोळ्या वाढ."

तेवढ्यावरून मला सगळं समजलं. पण पोळ्या मी वाढल्या. दुपट्टा-टोपीही दिली. हातानं दिली, तोंडानं 'भाऊ' म्हटलं नाही.

जाताना तो अंगणात थांबला. "बाई, मले सांगतलं तसं केलं. तुले वाईट वाटू नाई म्हणून खाच कोरून देली. लई मेहनत केली तिच्यावर."

"अन् मले समजलं नसतं त?"

"त बरं झालं असतं."

लाकूड गावच्या पाटलाच्या घरी गेलं होतं. त्यांच्या नव्या दरवाजाला सागवान मिळत नव्हतं, आणि आमच्या मळ्यातली बंडी बाजाराला जायची ती त्यांच्या वावरातून. हे मला समजावत होते, "खिडकीले आंब्याचं लाकूडबी चालते. पण बंडीले दुसरी वाट नाई. मी कोण्या शौकानं देलं काय?"

"मले इचारलं काहून नाई?"

"इचारलं असतं त तू हो म्हटलं असतं काय?"

ह्याचाच मला जास्त राग आला. कदाचित मी हो म्हटलंही असतं. वाटेची गरज मला काय कळत नव्हती? पण ह्या दोघांनी बसून माझ्यासाठी खोटी खाच कोरायचं ठरवलं, जसं रडत्या पोराच्या हातात लाकडाचा घोडा द्यावा. आणि त्यातला एक माझ्या माहेरचा.

खिडकीतून उजेड येत होता, खोटं कायले बोलू. भाकर कुठं करपली ते दिसायला लागलं. पण त्या खाचेवर मी मिठाचं गाडगं ठेवलं ते कधी हलवलं नाही. धनजला गेली की त्या मिस्त्रीच्या घरावरून न जाता मागच्या गल्लीनं जायची.

संक्रांतीला पाटलाकडे हळदकुंकवाचं बोलावणं आलं. गेली. त्यांच्या दारात पाय उचलला आणि तसाच थांबवला. माझ्या वडिलांचं लाकूड तिथं उंबरा होऊन बसलं होतं. खाचेत लाख आणि भुसा भरून वरून रंधा मारला होता, पण एका कडेला थोडी भरायची राहून गेली होती. मी वाकली आणि बोट घातलं. अर्धंच गेलं. पण गुळगुळीत होतं.

पाटलीणबाई आतून पाहत होत्या. हसून म्हणाल्या, "उंबऱ्याच्या पाया काहून पडून राह्यल्या, बाई? देवघर आत हाय."

"जुना उंबरा हाय, म्हणून," मी म्हटलं.

"जुना कायचा? आताच त बसवला."

मी तिळगूळ घेतला, वाण घेतलं, बायकांसोबत थोडं बसली. निघताना लुगड्याचा घोळ उचलून धरला आणि पाय लाकडाला लागणार नाही असा जपून बाहेर टाकला.