बावन्न वेण्या आणि भिवराबाई

एवढ्या लांब समुद्र बघायला गेलेला अभिमन्यू ऐन वेळी बोटीत बसायला घाबरला, आणि पुढचा सगळा घोळ तिथून सुरू झाला.

थोरला भाऊ तानाजी आणि अंजू वहिनी डॉल्फिन बघायला बोटीत चढले. अभिमन्यू म्हणाला, "सायलीला ऊन लागंल, मी थांबतो तिच्यापाशी." आठ वर्षांच्या पुतणीच्या आड त्याने आपली भीती लपवली. तेलगावात मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा बी.ए. पास माणूस पाण्याला भितो, हे गोव्यात कशाला जाहीर करा? तेवढ्यात गळ्यात मण्यांच्या माळा अडकवलेली एक बाई आली. तिच्या हातातल्या पुठ्ठ्यावर बारीक बारीक वेण्या घातलेल्या पोरींचे फोटो होते. सायली त्या फोटोंकडे अशी काही बघत राहिली की काका विरघळला. त्याला वाटलं, चार-पाच वेण्या होतील. बोट परत आली तेव्हा एकेचाळिसावी चालू होती.

अंजू वहिनी वाळूतच बसली. "भावजी, पोरीचं डोकं हाय का दोरखंडाचं दुकान?"

एकूण झाल्या बावन्न. प्रत्येकीच्या टोकाला निळा नाहीतर पिवळा मणी. मान हलवली की खुळखुळ. जाताना त्या बाईने बजावलं होतं, खारं पाणी लागलंय, आठ दिवसांत सोडा. अभिमन्यूने घरच्यांना सांगितलं, "महिनाभर काय होत न्हाई, ग्यारंटी हाय." ही ग्यारंटी त्याने वहिनीचा राग बघून जागच्या जागी तयार केली होती.

दिवाळीची सुट्टी संपेपर्यंत सायली गल्लीची राणी होती. गावातल्या पोरी मणी मोजायला यायच्या. शाळा उघडायच्या आधीच्या शनिवारी वहिनी वेण्या सोडायला बसली. मणी निघाले. दोरा निघाला. वेण्या मात्र निघेनात. खारं पाणी, वाळू, घाम आणि वरून गावचा फुफाटा. मुळापाशी केस असे गुंतले होते की चार-चार वेण्यांचा मिळून एकेक गठ्ठा झाला होता. फणी आत शिरेना.

"आई, जरा हिकडं बघता का?" वहिनीने सासूला हाक मारली.

तुळजाबाई, म्हणजे अभिमन्यूची आई, हात पुसत आली. वाकून बघितलं. एका गठ्ठ्याला बोट लावलं आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं. मग तिने डोक्यावर पदर घेतला, खाली बसली आणि नातीच्या पायांवर डोकं टेकवलं.

दारात चहा पीत उभा असलेला अभिमन्यू कप घेऊनच आत आला.

"काका, आज्जी माझ्या पाया कावून पडती?" सायलीचा आवाज रडवेला झाला.

"जट हाय," आई म्हणाली. "देवी आली पोरीच्या केसात. आता ह्याला कातर न्हाई, फणी न्हाई. मंगळवारी पाच बायका बोलवू, हळद लावू, ओटी भरू."

एकदा हळद लागली की संपलंच. मग ते केस सायलीचे राहणार नव्हते, देवीचे होणार होते. पोर वाढेल तशी जट वाढणार. शाळेत, बाजारात, उद्या सासरी, सगळीकडे आधी जट पोहोचणार आणि तिच्या मागून सायली.

अभिमन्यूने कप खाली ठेवला. "आई, देवी-बिवी न्हाई. ती बाई म्हणलीती आठ दिसात सोडा म्हणून. मी खोटं बोललो."

वहिनीने त्याच्याकडे जे बघितलं, त्यापेक्षा बोट परवडली असती. आई मात्र हलली नाही. "देवीला यायचं असलं की ती कुणाच्या बी हातानं येती. तुझ्या खोट्यावर बसून आली."

अभिमन्यूने भावाला फोन लावला. उसाचा ट्रॅक्टर घेऊन कारखान्याच्या रांगेत उभा असलेला तानाजी फोनवर म्हणाला, "आई म्हणती तसं करा," आणि नंबर पुढे सरकला म्हणून त्याने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, आणि गल्लीत रविवार म्हणजे भिवराबाई. साठीला टेकलेली, उंच, एकटी बाई. उभी हयात ऊस तोडला, आता गुडघे बोलतात म्हणून सोडला. दर रविवारी तिच्या ओट्यावर पोरींची रांग लागते. पोर कुणाची, हे ती विचारत नाही. उवा असोत नाहीतर गुंता, पोर मांडीपुढे ओढायची, तेल चोपडायचं, फणी फिरवायची आणि डोळे ताणले जातील अशी घट्ट वेणी घालायची. त्याबद्दल कुणाच्या घरचा चहासुद्धा घेत नाही. तिचे स्वतःचे केस तेवढे मानेपर्यंतच. "टायफाइडात गेले, परत वाढलेच न्हाईत," असं ती सांगायची. अभिमन्यू आणि त्याचे दोस्त तिला माघारी 'ब्यूटी पार्लर' म्हणत.

ती दारात येऊन उभी राहिली. "तुळजा वहिनी, तुमची सायली तीन रविवार आली न्हाई. गोव्याला गेलती का गोव्यालाच दिली?"

आई दारात आडवी आली. "भिवरा, हात लावू नगं. जट हाय."

भिवराबाईचं हसू जागीच थांबलं. तिने आतल्या सायलीकडे बघितलं. पोर कोपऱ्यात ओढणी डोक्यावर घेऊन बसली होती. भिवराबाई उंबऱ्यावर टेकली आणि तिने डोक्यावरचा पदर खाली घेतला.

"मला टायफाइड झालाच नव्हता, वहिनी."

आई दारातून बाजूला झाली.

"बाराव्या वर्षी जट निघाली. माझ्या चुलतीनं हळद लावली. तितनं सतरा वरीस. गुडघ्यापर्यंत आलती. धुतली तर दोन दिस वाळायची न्हाई, वास मारायची. नवरा फडावरच्या झोपडीच्या, कोपीच्या भाईर झोपायचा. उसाची मोळी डोक्यावर बसायची न्हाई, मान वाकडी करून गाडीवर चढायचे. एक दिस मोळी घसरली आन मागच्या पोरीवर पडली. तिचा हात मोडला. मी तितंच फडात बसले, जट उसाच्या बुडख्यावर ठिवली आन कोयता घातला."

आईचा हात तोंडावर गेला. अभिमन्यूला आपण तिला काय म्हणायचो ते आठवलं, आणि कान गरम झाले.

"सगळी टोळी थांबली. मुकादम पळत आला, पर जवळ येईना. आता ही मरती म्हणून आठ दिस मला कुणी कोपीत घेतलं न्हाई. मी बी वाट बघितली. सकाळी उठायचे, हात हलवून बघायचे. जित्ती! नवव्या दिशी बाजारातून फणी आणली." तिने कमरेची लाकडी फणी काढून उंबऱ्यावर ठेवली. "हीच. पाटोद्याकडं सासरी उंबरा चढू दिला न्हाई, म्हणून हितं मावशीच्या गावी आले. हितं माझी जट कुणी बघितली नव्हती, मग टायफाइड सांगितला. आता गावाला सांगायचं तर सांगा, वहिनी. पर ह्या पोरीच्या मानेवर मोळी ठिवू नका."

आई उठून आत गेली. हळदीचा डबा आणते की काय, म्हणून अभिमन्यू सायलीपुढे जाऊन बसला. आई बाहेर आली ती वाटीभर खोबरेल घेऊन. वाटी भिवराबाईपुढे ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

दुपारी बाराला सुरू झालेलं काम दिवेलागणीला संपलं. भिवराबाई पोती शिवायच्या दाभणाने एकेक केस वेगळा करत होती. अभिमन्यूकडे सायलीचं डोकं धरण्याची आणि बिस्किटं पुरवण्याची नोकरी होती. मधूनच भिवराबाई म्हणायची, "हात लई चांगला हाय त्या बाईचा. चूक निस्ती तुझी हाय." कातर लागली ती एकाच जागी, बोटभर.

मंगळवारी पाच बायका आल्या नाहीत. आई मात्र रोज सकाळी सायलीच्या कपाळाला हात लावून बघायची. आठ दिवस बघितलं. नवव्या दिवशी ती म्हणाली, "ये गं, वेणी घालते," आणि शाळेच्या लाल फिती घेऊन बसली. भिवराबाईचा टायफाइड तिने गावात कुणापुढे खोटा पाडला नाही.

त्या रविवारी उठताना अभिमन्यूने विचारलं होतं, "आत्या, तुमाला काय देऊ?"

भिवराबाईने फरशीवरचा एक निळा मणी उचलून पदराला बांधला. "मला तसली एक वेणी घालून दे. एकच, मण्यासकट. माझी कुणी घातलीच न्हाई. आन तूच घालायची, भानगड तुझी हाय."

अभिमन्यू दुकानात मोबाइलवर बघून बघून शिकतोय. तीन चार्जिंग केबलींची वेणी आता बरी जमते, पण केस केबलीसारखे गप पडून राहत नाहीत. रविवारी ओट्यासमोरून गाडी नेताना तो वेग वाढवतो. तरी हाक येतेच, सगळ्या पोरींच्या देखत.

"काय ब्यूटी पार्लर, आज जमतंय का?"

"फुडच्या रविवारी, आत्या," तो म्हणतो. हा चौथा पुढचा रविवार.