घरचा नंबर, गोदामाचा नंबर

आमचे हे दापोड्याला एका गोदामात कारकून आहेत. आलेला-गेलेला माल लॅपटॉपवर चढवायचा आणि उरलेलं काम संध्याकाळी घरी पुरं करायचं. गोदामात लॅपटॉपला एक ठरलेला नंबर भरावा लागतो, तरच तो तिथल्या नेटला लागतो. घरी तो नंबर काढावा लागतो, नाहीतर आमचं नेट चालत नाही. म्हणजे रोज संध्याकाळी आणि सकाळी बदलायचं.

ह्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. कामाची अक्षरं पडद्यावर मोठी करून ते निभावत होते, पण नंबराची चौकट मोठी होत नव्हती. गोदामात कळलं तर घरी बसवतील अशी त्यांना भीती होती. ऑपरेशनला रजा मागितली की कारण सांगावं लागणार, म्हणून तेही लांबवलेलं.

मी चौथी शिकलेली. शेलार गावात दिलेल्या आमच्या मुलीने एका रविवारी मला सगळं दाखवलं. इंग्रजी वाचता येत नाही, आकडे तेवढे कळतात. म्हणून कुठे दाबायचं ते मी जागेवरून ध्यानात ठेवलं. आधी खालचा कोपरा, मग मधली ओळ, मग डावीकडचा गोल. नंबर वहीत लिहून घेतले होते, पण आठवड्याभरात वही लागेनाशी झाली. सकाळी डबा भरला की हात पुसून मी लॅपटॉप उघडायची. आम्हा तिघांशिवाय कुणाला हे ठाऊक नव्हतं.

एकदा माझी नणंद गावाहून सकाळीच आली आणि टेबलासमोरच्या पलंगावर बसली. तिच्यादेखत लॅपटॉपला हात लावणं मला जमेना. मी भरलेला डबा पुन्हा पुसत राहिले.

"झालं का?" ह्यांनी विचारलं.

मी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, मला आजही सांगता येणार नाही. हे बॅग घेऊन गेले.

दहाच्या सुमारास फोन आला.

"अगं, ते बदललंच नाहीस?"

"वन्सं बसल्या होत्या."

मागे कुणीतरी म्हणालं, "चाचा, गाडी खडी है, एंट्री करो." मग ह्यांचा आवाज आला, पण माझ्याशी नव्हे. "भाई, मेरेको बारीक नहीं दिखता. नंबर मेरी घरवाली को मालूम है. उसको पूछ."

मग तिथला कॉम्प्युटर बघणारा माणूस फोनवर आला. "हां भाभी, बोलो."

परक्या पुरुषाशी मी फोनवर कधी बोलले नव्हते. भिंतीकडे तोंड केलं आणि एकेक आकडा हिंदीत सांगितला. पहिला नंबर, मग त्याच्या खालचे दोन.

"लग गया," तो म्हणाला. "भाभी, आप ही आ जाओ ड्युटी पे."

मी फोन ठेवला. नणंद बघत होती.

"काय गं, तुला हे येतं हाय? आनि आमाला पत्ता न्हाय."

"येतं थोडं."

"मंग मघा का नाय केलंस?"

मी चहा ठेवायला आत गेले.

संध्याकाळी हे लॅपटॉप न घेताच आले. साहेबांनी तो ठेवून घेतला होता. मी विचारलं नाही. जेवताना हेच म्हणाले, "साहेब बोलले, आधी डोळे करून या. जागा राहील." आणि भात मागितला.

महिन्याच्या अंतराने दोन्ही डोळे झाले. लॅपटॉप परत घरी येऊ लागला. आता नंबर हे स्वतः बदलतात. मधल्या ओळीऐवजी ते दुसरीकडून जातात, त्याला वेळ जास्त लागतो. मी ओट्यापाशी उभी राहून बघते. सांगत नाही. डबा भरून होईपर्यंत त्यांचंही होतं.