व्हिटबीच्या खड्ड्यातला गंज

टोरोंटोला विमानातून उतरलो आणि तासाभरात व्हिटबीला, शुभदाच्या घरी. शुभदा माझी थोरली लेक. वाटेत पाणी दिसलं, पलीकडचा काठच नाही. म्हणे हे तळं.

पाऊस पडला की लॉनवरचं (घरापुढच्या गवताचं) खत वाहून या तळ्यात जातं. त्यातल्या फॉस्फरसने पाणी शेवाळतं. ते अडवायचं काम शुभदाच्या ऑफिसकडे होतं. पाणी तळ्यात जाण्याआधी गाळलं जावं म्हणून ती वर्कशॉपमधला टाकाऊ लोखंडी कीस वाळूत मिसळून वाटेतला खड्डा भरणार होती. शुक्रवारी नगरपालिकेची माणसं तपासायला येणार. पाणी साफ निघालं नाही तर तिचं काम बंद.

कीस गॅरेजमध्ये पोत्यांत होता. बघितलं तर सगळा गंजलेला. मी चौथी पास, पण ठाण्याच्या कारखान्यात चाळीस वर्षं लोखंड कातायची लेथ चालवली. गंजलेलं लोखंड मला बघवत नाही. शुभदा ऑफिसात होती. तिथलंच इंजिन ऑईल ओतलं आणि पोतीच्या पोती हाताने चोळली.

संध्याकाळी ती दारातच थांबली. "बाबा, हे काय केलंत?"

"लोखंड वाचवलं तुझं."

"अहो, मुद्दाम गंजवलं होतं ते. गंजच फॉस्फरस धरतो. तेलकट कीस काय धरणार?" तिने ऑफिसातल्या साहेबाला फोन लावला. तो म्हणाला, शुक्रवारचं रद्द करू.

"रद्द नाही करायचं. तेल मी लावलं, मीच काढीन."

दोन दिवस ड्राइव्ह-वेवर (घरापुढच्या गाडीच्या जागेत) बसून कढत पाणी आणि सोड्याने कीस धुतला. धुवण नाल्यात नाही, पिंपात. ते शुभदा घातक कचऱ्याच्या डेपोत देऊन आली. शेजारचा बलजीत पराठे घेऊन आला.

"अंकलजी, कचरा धो रहे हो?"

"कचरा नहीं, लोहा है. जंग लगाना है."

"लोग तो जंग छुड़ाते हैं."

"वो मैंने चालीस साल किया. पराठा रख इधर."

हिवाळ्यात वाटेवरच्या बर्फावर टाकायचं मीठ घरात होतंच. लवकर गंजावं म्हणून ते शिंपडलं, कीस उन्हात ओला ठेवला, लालभडक झाल्यावर पुन्हा धुतला. गुरुवारी खड्डा भरला.

शुक्रवारी नगरपालिकेच्या माणसांनी खड्ड्याआधीचं आणि नंतरचं पाणी दोन नळ्यांत घेऊन त्यांत औषध टाकलं. खड्ड्यात शिरणारं पाणी गडद निळं झालं. निळं म्हणजे फॉस्फरस. बाहेर आलेलं जेमतेम निळसर. दुसरा खड्डा मंजूर झाला. साहेबाने हात पुढे केला. माझा गंजाने लाल होता, तसाच दिला.

ठाण्याला परतलो तर कारखान्यातला जुना सोबती शंकर विचारतो, "नायगारा पाहिलास?"

"वेळ नव्हता."

तेल ओतलं ही चूकच, पण तिची शरम मला नाही. लेथवर आजही गंज दिसला तर पुसून काढीन. व्हिटबीच्या त्या खड्ड्यातला गंज मात्र कुणी पुसायला गेलं, तर आधी माझ्याशी गाठ आहे.