पप्पांनी गिरणी बंद केली

सांगलीच्या स्टँडबाहेर बेंगळुरूची बस लागली होती आणि पप्पा माझ्या बॅगेशी भांडत होते. ती काही केल्या डिकीत आडवी बसेना. त्यांच्या भुवयांवर नेहमीसारखं पीठ होतं. तासगावातल्या आमच्या पिठाच्या गिरणीवर काकांना बसवून ते आले होते, आणि काका तिथं बसून गिऱ्हाइकांना काय ऐकवत असतील हे आई, पप्पा आणि मला, तिघांनाही ठाऊक होतं. "पोरीला एवढं लांब कशाला? पुणं काय ओस पडलंय?" हे त्यांचं पालुपद महिनाभर चाललं होतं. पप्पांनी त्यावर एकदाच तोंड उघडलं होतं, "तिला जमंल." बस हलली तेव्हा आई रडली, मी रडले, आणि पप्पा क्लीनरला माझी बॅग कुठली ते तिसऱ्यांदा सांगत होते.

तुमच्यातले जे गाव सोडून गेलेत त्यांना हे सांगायला नको, आणि जे मागे राहिलेत त्यांना कुणी सांगत नाही: पहिले काही महिने माणूस फोनवर खोटं बोलतो. रोज संध्याकाळी सात वाजता इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या पीजीच्या गच्चीवर उभी राहून मी आईला "मजेत आहे" म्हणायचे. एमएस्सीच्या वर्गात सगळे फाडफाड इंग्रजी बोलायचे, मी वहीत डोकं घालून बसायचे. मेसमध्ये दोन्ही वेळा भात. पप्पा तर फोन घ्यायचेच नाहीत. चुकून उचललाच तर गिरणीच्या घरघरीवर ओरडायचे, "थांब, आईकडं देतो!" आमच्याकडे बापलोक मुलींशी आईमार्फतच बोलतात, त्यामुळे त्याचं मला काही वाटायचं नाही. निदान तेव्हा तसं मी म्हणायचे.

चौथ्या महिन्यात ठरवलं, बास झालं. रविवारच्या बसचं तिकीट काढलं. फक्त जायचं. घरी मात्र सांगायचा धीर होईना. मी बाडबिस्तरा घेऊन परतले तर काकांसमोर पप्पांचा शब्द खाली पडणार होता, आणि तो माझ्यामुळे पडणार होता.

हे फक्त सविताला माहीत होतं. सविता माझी रूममेट, अथणीची; एका श्वासात कन्नड, दुसऱ्यात मराठी. "जायाचं तर जा की," ती म्हणाली, "पण गाव तरी बघून जा. कॉलेज न् पीजी सोडून काय बघिटलंस तू?" आणि शनिवारी सकाळी तिनं मला ओढतच बाहेर काढलं. लालबागेतल्या खडकावर आम्ही वारा खात बसलो. बसवनगुडीत लोण्याचा डोसा खाल्ला, तोही उभ्यानं, कारण आमच्या टेबलावर "स्वल्प अडजस्ट माडी", म्हणजे जरा सांभाळून घ्या, म्हणत एक अख्खं कुटुंब येऊन बसलं होतं. कॉफी पिताना मला त्या शहराचा रागच आला. निघायच्या आदल्या दिवशी इतकं चांगलं वागायची काय गरज होती?

दुपारी सविताच्या ओळखीनं एका कन्नड टॉक शोच्या शूटिंगला प्रेक्षक म्हणून गेलो. ऊटा, म्हणजे जेवण, फुकट होतं. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीच हेडफोन लावलेल्या एका माणसानं आमच्याकडून टाळ्या वाजवून घेतल्या. त्यानं हात फिरवला की टाळ्या, दोन बोटं दाखवली की हसू. न झालेल्या विनोदावर आम्ही दीडशे जण पोट धरून हसलो.

त्या दिवशीचा विषय होता घर सोडून आलेली मुलं. सूत्रसंचालक माइक घेऊन रांगांमधून फिरत होता. नेमका माझ्यापाशी थांबला. "निम्म ऊरू याव्दू?" गाव विचारतोय एवढं मला कळलं. तासगाव म्हटल्यावर त्यानं हसून आणखी काहीतरी सांगितलं. सविता कुजबुजली, "घरात ज्याच्याशी सगळ्यात कमी बोलतीस त्याला फोन लाव म्हणतोय. स्पीकरवर. आपल्या भाषेत बोल म्हणं."

मी पप्पांना लावला.

"काय गं, या वेळंला?" मागे घरघर चालूच. "बरी हाईस नव्हं? थांब, आईला हाक मारतो."

"नको. तुमच्याशीच बोलायचंय."

मग खटका पडला आणि घरघर हळूहळू उतरत थांबली. अर्ध्या दळणात गिरणी बंद करायची नसते. दगडांमध्ये दाणे अडकून बसतात, पुन्हा चालू करताना पट्टा ओढत नाही. हे मला पप्पांनीच शिकवलं होतं.

"बोल," ते म्हणाले. ओरडून नाही. त्यांचा साधा आवाज इतका मऊ आहे हे मी विसरूनच गेले होते.

"पप्पा, मला इथं करमत नाही. उद्याच्या बसचं तिकीट काढलंय. पण तुम्ही काकांना..." मराठी न कळणाऱ्या सूत्रसंचालकाला फक्त माझे भरलेले डोळे दिसले. हेडफोनवाल्यानं हात फिरवला आणि दीडशे लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

"टाळ्या कोण वाजवतंय गं?"

"टीव्हीवाले आहेत, पप्पा."

"वाजवू देत. मला तरी कुठं करमतंय? काकाचं सोड. जमंल म्हणलो म्हणजे तुला तिथं डांबून ठेवली काय? तू ये."

मी गेले. सोमवारी सकाळी स्टँडवर पप्पा उभे होते. त्यांनी काही विचारलं नाही, काकांनाही विचारू दिलं नाही. मी भाकरी खाल्ली, दुपारी झोपले, आईशी खरं खरं बोलले.

आता मी सर्जापूर रोडला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते, नोकरी करते, रिक्षावाल्याशी मोडक्या कन्नडमध्ये हुज्जत घालते. कुणी घर कुठलं विचारलं की मला घरी गेले होते त्या आठवड्यातली गुरुवारची दुपार आठवते. आम्ही जेवत होतो. घामाच्या धारा लागल्या होत्या. मी सहज बोलून गेले, "आमच्याकडं एवढं उकडत नाही."

आईचा हात तव्यावर थांबला. पप्पा हसले. "बस्तान बसलं म्हणायचं पोरीचं," ते म्हणाले, आनंदानंच म्हणाले. मग जरा वेळानं, ताटातच बघत, त्यांनी विचारलं, "मग आता इकडं आलीस की पाहुणी व्हय गं तू?"

मी नाही म्हटलं. भांडल्यासारखं, जोरात नाही म्हटलं. आणि रविवारी बेंगळुरूला परत निघाले.