दोन लढाया आणि टॉवेल-टोपी

पेपर तपासताना माझं पेन कधी अडलं नाही. अमरावतीच्या एका कोचिंग क्लासमध्ये मी रसायनशास्त्र शिकवते, आणि नापास करताना मला फारसं वाईट वाटत नाही, हे आधीच सांगून टाकते. पण मागच्या हिवाळ्यात दोन खेळांना गुण द्यायची पाळी आली आणि माझी झोप उडाली. खेळ कॉम्प्युटरवरचे, युद्धाचे. इंटरनेटवरून कुठकुठची माणसं एकाच रणांगणात उतरतात. रणगाडे, खंदक, नकाशे, सगळं खऱ्यासारखं. चाळिशी उलटलेली बाई हे खेळते म्हटल्यावर शेजारणी कशा बघतात ते मला माहीत आहे. बघू देत.

आम्ही तिघं खेळायचो: मी, माझा वकील नवरा, आणि अकोल्याला राहून बाळापूरकडची शेती बघणारा माझा धाकटा भाऊ. रविवारची जेवणं झाली की आम्ही दोघं अमरावतीत, तो अकोल्यात, कानाला हेडफोन लावून बसायचो. त्या खेळाबाहेर हे दोन पुरुष एकमेकांशी बोलत नव्हते, म्हणून मला त्याची एवढी काळजी.

झालं होतं असं. चुलत बहिणीच्या लग्नात मांडवात एकेका जावयाचं नाव माईकवरून घेऊन टॉवेल-टोपीचा मान चालला होता. पुकारणारा माझा भाऊ. त्याने लांबच्या नात्यातले जावईसुद्धा बोलावले आणि माझ्या नवऱ्यालाच वगळलं. नंतर वर तोंड करून मला म्हणतो, "ते तं घरचेच मानूस आहेत. घरच्या मानसाले काय बोलवाचं?" त्याच्या मनात खरंच खोट नव्हती. नवरा म्हणाला, "घरचा होतो तं पयलं नाव माह्यं घ्याले पाह्यजे होतं." तेव्हापासून अबोला.

पण लढाईत अबोला धरता येत नाही. डावीकडून रणगाडा आला की सांगावंच लागतं. भाऊ पूर्वी वाक्यागणिक "भाऊजी" म्हणायचा. आता नुसतं "डावीकडून येऊन राह्यला" एवढंच. तरी आवाज एकमेकांच्या कानात जात होता, आणि मी त्यावर समाधान मानत होते.

मग कंपनीने तो खेळच बंद केला. त्याच्या जागी दोन नवे मागेपुढे आले, एकमेकांचे हाडवैरी. भावाने एक धरला, नवऱ्याने दुसरा, आणि जे मांडवात झालं नव्हतं ते भांडण आता माझ्यामार्फत सुरू झालं. एक रविवार याचा, एक त्याचा, असं मी सुचवून पाहिलं. दोघांनीही उडवून लावलं. भाऊ फोनवर म्हणाला, "तू पेपर तपासते ना ताई? मंग तपास. तू म्हनशील तोच खेळू, नाही पटलं तं मी आपला बसतो घरी." नवऱ्याने जेवताना हेच सांगितलं, फक्त कोर्टाच्या भाषेत.

म्हणजे ज्याला मी नापास करणार तो उठून जाणार, आणि मग बोलणं कायमचं संपणार. इकडे आड, तिकडे विहीर.

तरी तपासायला बसले. त्या घडीला बघितलं तर भावाचा खेळ धडधाकट होता. पण तो आला तेव्हाचे हाल मी भावासोबत भोगले होते. आत शिरायला रांग, शिरलं की मध्येच बाहेर फेकणार, जिंकलेली लढाईसुद्धा जमेस धरली जायची नाही. कंपनी तोंडात मिठाची गुळणी धरून होती. पुढे कित्येक आठवडे ठिगळं लावत त्यांनी तो उभा केला. नवऱ्याचा खेळ नुकताच आलेला. त्यात आपसातला आवाज ऐकू येत नव्हता आणि एकमेकांना धाडलेली आमंत्रणं बरेचदा पोचत नव्हती. मात्र आत सगळ्यांना जाता येत होतं, रणगाड्याला वजन होतं, आणि बनवणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी चुका कबूल केल्या होत्या. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात, पण एक पाळण्यात आणि दुसरं अंगणात रांगतंय, तर तुलना कशी करायची? मी पाळण्याशी पाळणा ताडून पाहिला, दोन्हींचे पहिलेच दिवस. तेच इंटरनेट, तोच कॉम्प्युटर, तीच दुपारची वेळ. क्लासमध्ये मी पेपरवरचं नाव झाकून गुण देते. इथे नाव झाकणार कसं? एक माहेरचं, एक सासरचं.

निकाल नवऱ्याच्या खेळाकडे गेला. आणि मला जे हवं होतं तेच त्यात नव्हतं. न बोलणाऱ्या दोन माणसांना मी मुक्या खेळात बसवणार होते. खोटं बोलून भावाचा खेळ निवडावा, असं दहादा मनात आलं. पण वकिलाने ते लगेच पकडलं असतं, आणि माझ्या शब्दाची किंमत दोन्ही घरांत गेली असती.

फोनवर सांगायचा धीर होईना. रविवारी लॅपटॉप घेऊन अकोल्याची बस धरली. मूर्तिजापूर येईपर्यंत मी एकच वाक्य निरनिराळ्या तऱ्हेने जुळवत होते. जेवताना भावाने निकाल ऐकला. माझ्या वाटीत आणखी वरण वाढलं. "बरं," म्हणाला. मग, "आवाज येत नाही म्हनतात त्यात."

"नाही येत."

"बरं."

दुपारी आम्ही शेजारी शेजारी बसलो. तुकडीचा प्रमुख अमरावतीतून माझा नवरा, म्हणजे बोलावणं त्यानेच धाडायचं. माझ्या पडद्यावर आमंत्रण आलं. भावाच्या पडद्यावर काहीच नाही. लढाई सुरू व्हायची वेळ जवळ आली, तरी नाही. भावाने हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"पाह्य. मले बोलावलंच नाही."

"अरे, हा खेळच तसा आहे, आमंत्रण पोचत नाही. मी तुला सांगितलं होतं."

"तुले तं पोचलं."

तो उठला. आता हा मळ्यात निघून जाईल आणि ज्यावरून सगळं सुरू झालं त्याचीच परतफेड झाली असं जन्मभर समजेल, या भीतीने मला रडू यायला लागलं. एवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याने नाव पाहिलं आणि फोन तसाच हातात धरून उभा राहिला.

"उचल ना," मी ओरडले.

त्याने उचलला. नवऱ्याचा आवाज मला खुर्चीवरून ऐकू आला. "काय बुवा, कितीक वेळचा बोलावून राह्यलो तुमाले, येत काहून नाही?"

"इथं काहीच नाही आलं, भाऊजी."

अबोल्यानंतर पहिल्यांदाच तो "भाऊजी" म्हणाला.

"मंग या ना असेच आत. घरच्या मानसाले काय बोलवाचं?"

भाऊ माझ्याकडे बघायला लागला. मग खाली बसला, फोनचा स्पीकर चालू करून कीबोर्डला टेकवून ठेवला, आणि स्वतःच तुकडी शोधून आत शिरला. रणगाड्याने पहिला मलाच उडवला. परत उतरता येत होतं, पण मी उतरले नाही. "भाऊजी, डावीकडून! डावीकडून येऊन राह्यला!" भाऊ फोनमध्ये ओरडत होता, आणि मी नुसती ऐकत बसले.