जप्त केलेला उपचार

ते प्रकरण अजून मनातून जात नाही, म्हणूनच आजवर ते कागदावर उतरवलं नव्हतं. आता मुदतीआधी नोकरी सोडून घरी बसलो आहे, सांगून टाकतो.

केज तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. खबऱ्याने बातमी आणली: सरकारी योजनेत कर्करोगाची रुग्ण म्हणून नोंदलेली बाई शेतात धडधाकट कापूस वेचते आहे. मला बोगस रुग्णांचं रॅकेट दिसू लागलं. पंच घेऊन, तिची नोंद असलेल्या शहरातल्या खाजगी दवाखान्यात गेलो. गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग, त्याचा कोड, टप्पा दुसरा, तुकडा तपासल्याचा अहवाल, रेडिएशनची मंजुरी, सगळं फाइलमध्ये होतं. मूळ कागद सील करून मुद्देमालात जमा केले.

बाईला ठाण्यात आणलं. खोटं बोलणारा माणूस सहसा अंग काढून घेतो. ही उलट हट्टाला पेटली. "मलाच हाय रोग. लिवलंय की तिथं."

आमच्या महिला हवालदार म्हणाल्या, "बये, आजारी तू, अन् घाम त्या दारातल्या बाईला फुटलाय. कोण हाय ती?"

दारात तिची थोरली जाऊ भिंत धरून उभी होती. "सोडा तिला, साहेब. दुखणं माझं हाय, कार्ड तिचं. लग्नानंतर माहेरच्या रेशन कार्डातनं माझं नाव कमी केलं, हितं चढवायचं राहून गेलं. दिवाळी झाली की ऊसतोडीला जातो, माघारी येतो तवा पेरणी. तहसील कवा गाठावं?" मग हळूच म्हणाली, "आता शेक कवा चालू व्हायचा?" रेडिएशनला आमच्याकडे शेक म्हणतात.

मूळ अहवाल आणि बरोबर नाव असल्याशिवाय हात लावणार नाही, असं डॉक्टरांनी कळवलं. अहवाल माझ्या ताब्यात होता. खरी रुग्ण समोर असूनही मी रॅकेटचा नाद सोडला नाही, दवाखान्याच्या आणखी फायली उपसत राहिलो. थोरली दर बाजाराच्या दिवशी ठाण्यात यायची. मी म्हणायचो, "तपास चालू आहे."

एकदा धाकटी एकटीच आली. "ती उठंना आता, साहेब. तुमचा तपास व्हईस्तोवर ऱ्हाईल का ती?"

त्या दिवशी मी खुर्चीतून उठलो. न्यायालयातून अहवाल सोडवला, तहसीलमध्ये ठाण मांडून नाव चढवून घेतलं, दोघींचे जबाब देऊन दवाखान्यातली नोंद दुरुस्त करवली. मंजुरीसाठी पुन्हा तपासणी झाली. कागदावर नाव आता तिचं होतं. कोड तोच. टप्पा तिसरा.

शेक मिळाला, पण उशिरा. ती वाचली नाही.

त्यानंतर नोकरीत असेतो दवाखान्याचा एकही कागद, तो कोणाला जगायला लागणार आहे हे विचारल्याशिवाय, मी सील केला नाही. ही अक्कल मला तिच्या जिवावर आली.