पूर्णेच्या पुरात वाजलेलं डफडं

आधीच सांगते, भूतखेत, अंगात येणं, उतारा... यातलं काहीही मी मानत नाही. आमच्या घरात देव्हाराच नाही, त्यामुळे कोपायलाही कुणी नाही. सगळी नोकरी शाळेत विज्ञान शिकवण्यात गेली. तरी हे लिहितेय, कारण गावात या गोष्टीचा भलताच अर्थ लावतात आणि तो मला सहन होत नाही.

गाव पूर्णा नदीच्या काठी, बाजाराला ताडकळस. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचं आंदोलन पेटलेलं. परभणीचं माझं कॉलेज बंद, म्हणून मी घरी होते. आमची बौद्धवस्ती नदीच्या अगदी खालच्या अंगाला — चांगली जागा आम्हाला कोण देणार होतं? त्यात गावाने महिनाभर वस्तीशी बोलणं टाकलेलं. घरात वहिनी बाळंतीण, नऊ दिवसांची.

पूर्वी नदीवर लक्ष ठेवायचं काम माझ्या आजोबांचं. काठावरच्या काळ्या दगडाला पाणी लागलं की डफडं वाजवत गावभर फिरायचं. बदल्यात शिळी भाकरी. धम्म घेतला त्याच आठवड्यात आजोबांनी डफडं नदीत फेकलं आणि गावकी, म्हणजे गावाची ही वेठ, सोडली. बरंच केलं. पण गावाचा शहाणपणा बघा — 'त्यांचं' काम आपण कसं करायचं, म्हणून तेव्हापासून नदीकडे बघायला कुणीच नाही!

त्या दिवशी झड लागून तिसरा दिवस होता. दुपारी आम्ही जेवायला बसलो आणि नदीकडून डफडं ऐकू आलं. दोन ठोके, आणि जरा थांबून तिसरा... वडील ताटावरून उठले. आजोबांचा अंगठा मोडका होता, त्यांचा तिसरा ठोका नेहमी उशिरा पडायचा. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती.

वडिलांच्या मनात भूतबित आलं नाही. त्यांना राग आला. गावातलं कुणीतरी आम्हाला डिवचायला वाजवतंय, असंच सगळ्यांना वाटलं. वस्तीतली माणसं काठ्या घेऊन धावली, मागे मी. आवाज ऐकून गावातलेही चारजण मजा बघायला निघाले होते.

नदीवर चिटपाखरू नव्हतं. चिखलात पावलाची खूण नाही. आवाज थांबलेला. आणि काळा दगड दिसतच नव्हता... पाणी त्याच्यावरून वस्तीच्या वाटेला लागलं होतं.

मग जी पळापळ झाली! वहिनीला बाजेसकट चौघांनी उचललं, त्यातले दोघे मजा बघायला आलेले. म्हातारी माणसं, शेळ्या, पाटलांची खालची आळी, सगळे वरच्या शाळेत. दिवस मावळेपर्यंत वस्तीतलं एकही घर उभं राहिलं नाही. माणूस मात्र एकही गेला नाही.

दोन दिवसांनी पाटील शाळेत आले. वडिलांना म्हणाले, "किसना, तुझ्या बापाला मेल्यावर बी गावकी सुटंना. आता तू डफडं घे."

मला रागानं रडू आलं. ज्या माणसाने सगळ्या गावाचा रोष पत्करून ते काम सोडलं, त्याला मेल्यावर पुन्हा कामाला जुंपत होते!

वडील शांतपणे म्हणाले, "पाटील, कुनी वाजवलं मला ठाव न्हाई. पर माझा बाप असंल, तर त्यो नातसुनेसाठी आला व्हता. तुमची आळी वाचली, लय चांगलं झालं. गावाला नदी राखायची असंल तर पाळी लावा. घरटी एक मानूस. पहिली पाळी माझी, दुसरी तुमची. आन डफडं न्हाई, राकेलचा डबा."

पाटील आले तसे परत गेले. पण आठवड्याने पुन्हा झड लागली तेव्हा डोक्यावर घोंगडं घेऊन ते दगडापाशी उभे होते, हातात राकेलचा डबा. ठेका जमत नव्हता, पण ऐकू सगळ्यांना येत होतं. ती पाळी अजून चालू आहे.

त्या दुपारी कुणी वाजवलं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. विज्ञानाच्या बाईला हे शोभत नाही, तर न शोभो. पण आजोबा कामावर परत आले होते असं कुणी म्हणालं, तर मी आजही भांडते.